चौलला उतरलेल्या अफनासीचं गाव: त्वेरला एकटीने

वाडीतली

नमस्कार मंडळी. लिहीन लिहीन म्हणत बरेच महिने गेले, आज पावसाने लाईट गेलेत आणि फोनला चार्जिंग आहे तर बसलेय एकदाची. धागा लांबणार आहे, आधीच सांगते.

मी मूळची रेवदंड्याची. आमच्याकडे शाळेच्या आवारात एक काळा स्तंभ आहे, अफनासी निकितीन नावाच्या रशियन व्यापाऱ्याच्या आठवणीचा. मी शाळेत होते तेव्हा तो नव्हता, नंतर उभारला, त्यामुळे लहानपणी मला ह्या माणसाचं नावसुद्धा माहीत नव्हतं. माहेरी गेले की येताजाता दिसायचा आणि एकदा म्हटलं बघू तरी कोण हा, म्हणून त्याच्या टिपणांचं भाषांतर मिळवून वाचलं आणि मग दोन रात्री झोप नाही. वास्को द गामाच्या आधी पाव शतक हा बाबा होर्मुझहून घोडा घेऊन गलबतात बसला, सहा आठवडे समुद्रात काढून चौलला उतरला, आणि उतरल्या उतरल्या काय लिहितो तर इथे बायका डोकं झाकत नाहीत, केसांची एकच वेणी घालतात, लोक उघड्या अंगाने फिरतात, आणि मी जाईन तिकडे माणसं माझ्या मागे, गोऱ्या माणसाचं त्यांना केवढं नवल! हे वाचताना आमच्या पेठेतून तो चाललाय आणि मागे पोरांची रांग लागलीय असं अगदी डोळ्यासमोर आलं.

आणि हाच माणूस परत जाताना वाटेतच गेला. सगळा प्रवास करून, तीन समुद्र ओलांडून, घर थोडं राहिलेलं असताना स्मोलेन्स्कला पोचायच्या आधी वारला. टिपणं तेवढी पुढे गेली, १४७५ साली मॉस्कोला महाराजांच्या एका कारकुनाच्या हातात पडली आणि बखरीत उतरवून घेतली गेली. ते वाचल्यापासून माझ्या मनाला एकच लागून राहिलं होतं की ह्याने आपलं गाव बघितलं, लिहून ठेवलं, तर आपल्यातल्या कुणीतरी त्याचं गाव जाऊन बघायला नको का? बँकेतून व्हीआरएस घेतली, पैसे हातात आले, मुलगा म्हणाला आई युरोप टूर कर, मी म्हटलं मला त्वेरला जायचंय. त्याला नाव दोनदा सांगावं लागलं.

जून २०२४ मध्ये गेले. एकटीच. मॉस्कोत तीन दिवस आणि त्वेरमध्ये चार. मॉस्कोबद्दल इथे खूप धागे आहेत म्हणून तो भाग सोडतेय.

त्वेर मॉस्कोच्या वायव्येला साधारण १७० किलोमीटर, सेंट पीटर्सबर्गच्या वाटेवर. मॉस्कोच्या लेनिनग्राद स्टेशनवरून लास्तोच्का नावाची ट्रेन मिळते, लास्तोच्का म्हणजे पाकोळी, पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. स्टेशनला खिडकीवर पासपोर्ट दाखवून रोख पैसे देऊन तिकीट काढलं. बाहेर सगळा वेळ बर्च आणि पाइनचं रान, मधेच लाकडी घरं, बटाट्याचे वाफे, आणि पुन्हा रान. कोकण रेल्वेने जाताना जसा डोळ्याला हिरव्याचा कंटाळा येत नाही तसंच, फक्त डोंगर नाहीत, जमीन सपाट म्हणजे सपाट.

पहिल्याच दिवशी अडचण आली. फोनवरून ठरवलेल्या छोट्या हॉटेलात पोचले तर काउंटरवरची मुलगी म्हणाली आम्ही परदेशी लोकांना ठेवत नाही, आमच्याकडे त्यांची नोंद करायची सोय नाही. संध्याकाळचे सात, बॅग हातात, भाषा येत नाही. मी थोडी रडवेली झाले खरी. पण त्याच मुलीने स्वतःच्या फोनवरून तीन ठिकाणी विचारलं, टॅक्सी बोलावून दिली, ड्रायव्हरला पत्ता समजावला आणि मला पाण्याची बाटली दिली. जूनमध्ये तिकडे रात्री दहापर्यंत उजेड असतो त्यामुळे अंधाराची भीती नव्हती.

आता गाव. खरं सांगायचं तर अफनासीच्या काळातलं त्वेर आज शोधून सापडत नाही. तो निघाला तेव्हा त्वेर हे मॉस्कोच्या बरोबरीने भांडणारं स्वतंत्र राज्य होतं, तिथल्या राजाचं परवानगीपत्र घेऊन तो बोटीत बसला होता. १४८५ मध्ये मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हानने ते राज्यच गिळलं. म्हणजे तो जिवंत परत आला असता तरी दहाबारा वर्षांत त्याचं राज्य गेलेलं त्याला बघावं लागलं असतं. आणि इकडे ज्याचं कौतुक त्याने लिहिलं त्या बहामनी वजीर महमूद गावानचा १४८१ मध्ये शिरच्छेद झाला. नदीकाठी बसून मी हाच हिशोब करत होते, दोन्हीकडची राज्यं गेली आणि एका कर्जबाजारी व्यापाऱ्याची वही राहिली.

उरलंसुरलं लाकडी गाव १७६३ च्या आगीत जळालं. मग कॅथरीन राणीने सगळं आखून बांधून घेतलं, म्हणून आज त्वेरचा मधला भाग पीटर्सबर्गच्या धाकट्या भावंडासारखा दिसतो, एका चौकातून पंख्यासारखे फुटणारे तीन सरळ रस्ते, पिवळ्या-फिकट गुलाबी इमारती, पांढऱ्या चौकटी. सगळ्यात जुनं उभं असलेलं बांधकाम म्हणजे १५६४ चं पांढऱ्या ट्रिनिटीचं चर्च. तिथे गेले तेव्हा आत दोन म्हाताऱ्या बायका मेणबत्त्यांचं गळलेलं मेण सुरीने खरवडत होत्या, अगदी आपल्याकडे देवळात समईचं तेल पुसतात त्या शांतपणाने.

राणीचा प्रवासी राजवाडा आता चित्रांचं म्युझियम आहे. मला चित्रांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीने तिथे थांबवलं. १८११ मध्ये करामझीन ह्या इतिहासकाराने त्वेरमध्ये झार अलेक्झांडरला आपल्या रशियाच्या इतिहासातली प्रकरणं वाचून दाखवली. आणि अफनासीची शतकानुशतकं विसरलेली टिपणं मठातल्या कागदांतून शोधून जगासमोर आणली तीही ह्याच करामझीनने! म्हणजे अफनासी स्वतः घरी पोचला नाही, पण त्याला उजेडात आणणारा माणूस ह्याच गावात बसून वाचत होता. ज्या मॅडम तिथे खुर्चीवर राखण करत बसल्या होत्या त्यांना हे ट्रान्सलेटरवर लिहून दाखवलं, त्यांनी चष्मा काढून नीट वाचलं आणि उठून माझा हात हातात घेतला.

पुतळा नदीच्या पलीकडे, डाव्या काठावर आहे. १९०० सालच्या जुन्या लोखंडी पुलावरून चालत गेले. वरच्या अंगाला दुसरा पूल आहे, तो १९५० च्या दशकात लेनिनग्राडच्या एका जुन्या पुलाचे लोखंडी सांगाडे आणून उभारला. व्होल्गा इथे अजून लहान आहे, पुढे जाऊन समुद्रासारखी होते म्हणतात, पण त्वेरला मात्र आपल्या कुंडलिकेच्या खाडीसारखीच, पलीकडचा माणूस दिसेल एवढी.

१९५५ सालचा ब्राँझचा पुतळा, लांब अंगरखा, खाली नावेच्या आकाराचा चौथरा आणि नावेच्या नाळेवर घोड्याचं डोकं. ते घोड्याचं डोकं बघून माझ्या घशाशीच आलं, कारण त्या घोड्यापायी त्याने आपल्याकडे जे भोगलं ते वाचलेलं होतं. पाटीवर लिहिलंय की धाडसी रशियन प्रवासी अफनासी निकितीन याने १४६९ ते १४७२ या काळात मैत्रीच्या हेतूने भारताला भेट दिली त्याच्या स्मरणार्थ. मैत्रीच्या हेतूने हे सोव्हिएत काळातलं लिहिणं झालं. खरं तर तो धंद्याला निघाला होता, अस्त्राखानजवळ लुटला गेला, उधारीवर माल घेतलेला, तसंच घरी गेलं तर देणेकरी बसलेले, म्हणून पुढे पुढे जात राहिला. आणि भारतात पोचल्यावर लिहितो की मला खोटं सांगितलं, आमच्या देशाला न्यावा असा माल इथे काहीच नाही, मिरी आणि रंग स्वस्त आहेत एवढंच. मला तो असाच जास्त जवळचा वाटतो. पोटासाठी निघालेला माणूस आणि तरी वाटेत दिसेल ते लिहीत गेला.

मी घरून रेवदंड्याच्या स्तंभाचा फोटो मोठा प्रिंट करून नेला होता. पुतळ्यासमोरच्या बाकावर एक आजी नातवाला घेऊन बसल्या होत्या, त्यांना दाखवला. ट्रान्सलेटरवर सांगितलं की तो समुद्रातून जिथे उतरला त्या गावची मी आहे. त्यांनी फोटो मांडीवर ठेवला, बोटाने त्या स्तंभावरून वरून खाली असा हात फिरवला, आणि विचारलं की तो उतरला ती जागा अजून दिसते का. मग मी मोबाईलवरचा व्हिडिओ लावला, आमच्या वाडीच्या मागून खाडीचं तोंड आणि समोर कोर्लईचा डोंगर. आजींनी तो दोनदा बघितला. मग म्हणाल्या, पाणी आमच्यासारखंच आहे, तपकिरी.

फोटो मी त्यांनाच देऊन आले.

---

भटकभवानी

ताई काय लिहिलंयत! शेवटी डोळ्यात पाणी आलं. वाचनखूण साठवली आहे. काही प्रश्न, व्हिसा कसा काढलात, आपली कार्डं तिथे चालतात का, आणि एकट्या बाईला सेफ वाटलं का? खाण्याचं काय केलंत, मी पूर्ण शाकाहारी आहे.

वाडीतली

@भटकभवानी, ई-व्हिसा काढला, घरबसल्या झाला, चार दिवसांत आला. कार्डं अजिबात चालत नाहीत, २०२२ पासून व्हिसा-मास्टरकार्ड बंद, त्यामुळे रोख डॉलर न्यायचे, नोटा कोऱ्या पाहिजेत, चुरगळलेली किंवा पेनाने लिहिलेली नोट बँकेत घेत नाहीत, माझी एक परत दिली. रुबल तिथे बँकेतच घ्यायचे, स्टेशनवर कुणाकडून नाही.

खाण्याचं सोपं आहे, स्तोलोवाया म्हणजे ताट घेऊन रांगेत उभं राहायची खानावळ, समोर जे दिसेल ते बोटाने दाखवायचं. मी दोन्ही वेळा ग्रेच्का खाल्ली, आपल्याकडे उपासाला कुट्टू म्हणतात तेच धान्य अख्खं शिजवलेलं, वर लोणी. शिवाय सिर्निकी, म्हणजे घट्ट दह्याच्या चक्क्यासारख्या त्वारोगच्या तव्यावर भाजलेल्या छोट्या पुऱ्या, वर साय आणि जाम. पण सूप घेताना विचारा, लाल बीटाचं बोर्श दिसायला शाकाहारी असतं पण बहुतेक वेळा मांसाच्या पाण्यात केलेलं असतं. सेफ मला तरी वाटलं, रात्री नऊला नदीकाठी बायका पोरांना घेऊन फिरत असतात.

पक्का_पासपोर्ट

व्हिसाबद्दल एक अपडेट, ताई गेल्या तेव्हा ई-व्हिसावर १६ दिवस राहता यायचं, नंतर २०२५ मध्ये ते ३० दिवस केलंय. जायच्या आधी सरकारी साईटवर बघूनच घ्या. आणि तिथलं सिमकार्ड मिळणं आता परदेशी माणसाला बरंच अवघड झालंय, नकाशे ऑफलाईन उतरवून न्या.

जुन्नरी

वाडीतली ताई, तुम्ही घोड्याचा विषय काढलात आणि पुढे सांगितलंच नाही, मग ते आम्हा जुन्नरवाल्यांनाच सांगावं लागणार. तो घोडा त्याला जुन्नरपर्यंत आणायला शंभर रुबल पडला होता आणि जुन्नरच्या असदखानाने तो काढून घेतला, का तर हा मुसलमान नाही रशियन आहे हे कळलं म्हणून, आणि म्हणाला आमच्या धर्मात ये, घोडाही देतो वर हजार सोन्याची नाणी देतो, नाही आलास तर घोडा गेला आणि तुझ्याच डोक्यावर हजार नाण्यांचा दंड, चार दिवसांची मुदत. परका मुलूख, ओळखीचं कुणी नाही, भाषा तोडकीमोडकी, आणि हा चार दिवस बसून देवाचा धावा करतोय. शेवटी खोरासानचा एक मुसलमान सरदारच मध्ये पडला, त्याने खानाकडे जाऊन ह्याला सोडवलं आणि घोडाही परत मिळवून दिला. मला ह्या गोष्टीत सगळ्यात जास्त तो खोरासानी माणूस आवडतो, स्वतः परमुलखातला आणि दुसऱ्या परक्यासाठी शब्द टाकतो.

अजून एक, तो जुन्नरबद्दल लिहितो की गाव दगडी कड्यावर आहे, कुणी बांधलेलं नाही, देवानेच घडवलंय, वर जायची वाट एवढी अरुंद की एका वेळी एकच माणूस, दोघं जाऊ शकत नाहीत. शिवनेरीच्या साखळीच्या वाटेने चढलेल्या माणसाला हे वाचून दुसरं काय आठवणार? शिवजन्माच्या दीडशेहून जास्त वर्षं आधीचं वर्णन आहे हे.

आणि पाऊस! चार महिने रात्रंदिवस जिकडेतिकडे पाणी आणि चिखल, असं लिहिलंय. त्याला तो हिवाळाच वाटला. आणि त्याच चिखलात लोक नांगरतात आणि पेरतात म्हणून त्याला नवल. घोड्यांना हरभरे घालतात आणि खिचडी शिजवून त्यात साखर आणि तूप घालून चारतात असंही लिहिलंय, खिचडी हा शब्द त्याच्या रशियनमध्ये जवळपास तसाच उतरलाय.

वाडीतली

@जुन्नरी, खिचडीचं मी विसरलेच होते! मनापासून आभार. खोरासानी सरदाराबद्दल तुम्ही म्हणताय ते अगदी पटलं.

साधं_बोलणं

लेख सुंदर आहे पण मला एक मनात आलं ते बोलतो. तिकडे युद्ध चालू आहे, युक्रेनमध्ये रोज माणसं मरतायत, आपल्या देशातली पोरं नोकरीच्या आमिषाने नेऊन तिथल्या सैन्यात अडकवली, काहींचे जीव गेले. अशा वेळी तिथे फिरायला जाणं मला स्वतःला जमलं नसतं. शिवाय ड्रोन हल्ल्यांच्या बातम्या त्वेर भागातूनही येत असतात. राग मानू नका.

वाडीतली

@साधं_बोलणं, राग कशाला मानू, हा प्रश्न मी स्वतःला महिनाभर विचारत होते. जाऊ नये म्हणणाऱ्यांचं मला चुकीचं वाटत नाही. मी गेले कारण माझं वय बघता थांबले असते तर मग झालंच नसतं. तिथे गेल्यावर युद्ध दिसत नाही असं नाही. बसस्टॉपवर सैन्यभरतीच्या जाहिराती, त्यावर पैशांचे मोठे आकडे. नदीच्या वळणावर जुन्या विजयाचा उंच स्तंभ आहे, १९४१ मध्ये दोन महिने जर्मनांच्या ताब्यात होतं हे गाव, १६ डिसेंबरला सुटलं, तेव्हा त्याचं नाव कालिनिन होतं. तिथल्या फुलांजवळ एक बाई एकटीच उभी होती, हातात एका तरुण मुलाचा फोटो, नवीन फोटो, जुन्या युद्धातला नाही. मी काही विचारलं नाही. कुणाच्याही आईचं दुःख असं समोर उभं राहिलं की बोलायला शब्द राहत नाहीत. तुमच्या काळजीबद्दल मात्र सगळ्यांना सांगते, जायचं असेल तर परराष्ट्र खात्याच्या सूचना आधी वाचा, आणि तिथे कुठलाही कागद समजल्याशिवाय सही करू नका, विशेषतः तरुण मुलांनी.

थंडीतला_डॉक्टर

हा धागा मला मित्राने पाठवला. मी सोलापूरचा, त्वेरच्या मेडिकल कॉलेजात सहा वर्षं होतो. आम्ही महाराष्ट्रातली बरीच पोरं होतो, होस्टेलवर गणपतीपण बसवायचो. पुतळ्यापाशी रोज संध्याकाळी जायचो, तिथेच भेटायचं ठरायचं, अफनासीकडे ये म्हणायचो एकमेकांना, पण तो आपल्या चौल-जुन्नरला येऊन गेलाय हे सहा वर्षांत मला माहीत नव्हतं, पाटीवर भारत एवढंच आहे. आज वाचून फार विचित्र वाटतंय. जानेवारीत व्होल्गा गोठते तेव्हा लोक बर्फाला भोक पाडून मासे धरत बसतात, आम्हीपण काठाकाठाने बर्फावर उतरायचो, पायाखाली कडकड आवाज आला की पळत काठावर. पहिल्या वर्षी मला घरची आठवण आली की मी त्याच पुतळ्याच्या पायरीवर बसून आईला फोन लावायचो. आता कळतंय की तोही घरची आठवण काढणारा माणूस होता.

वाडीतली

@थंडीतला_डॉक्टर, अहो तुम्ही काय लिहून गेलात! त्याच्या वहीत एक जागा आहे, तो रशियनमध्ये लिहिता लिहिता एकदम तुर्की भाषेत शिरतो आणि म्हणतो की रशियाच्या भूमीला देव सांभाळो, ह्या जगात तिच्यासारखी भूमी नाही, जरी तिथले सरदार न्यायाने वागत नसले तरी. मनातलं बोलायला त्याने परकी भाषा घेतली. सणांच्या तारखा विसरलो, उपास कधी धरायचा कळत नाही म्हणून रडतो. परदेशात शिकणाऱ्या पोरांना हे समजेल, आम्हाला नुसतं वाचून एवढं नाही.

दाभोळचा_नातू

आमचं दाभोळ राहिलंच की! परत जाताना तो दाभोळवरून बसला, होर्मुझपर्यंतच्या भाड्याचे दोन सोन्याचे तुकडे दिले. आणि तारू वाऱ्याने भरकटून थेट हबशांच्या किनाऱ्याला लागलं, तिथे तांदूळ, मिरी, भाकऱ्या वाटून सुटका करून घेतली. आमच्याकडे वाशिष्ठीच्या तोंडावर त्याचं काही म्हणजे काही नाही, एखादी पाटी तरी लावायला हवी. ग्रामपंचायतीत बोलून बघतो, खरंच बोलतो.

तारीखवार

लेख आवडला. फक्त एक भर, पाटीवर १४६९ ते १४७२ असं असलं तरी नंतरच्या रशियन अभ्यासकांपैकी लेनिनग्राडच्या सेम्योनोव यांनी त्याने लिहिलेल्या सणांच्या आणि लढायांच्या मेळावरून भारतातला काळ १४७१ ते १४७४ असा धरलाय. दोन्ही मतं चालतात. गामाच्या आधी पाव शतक हे दोन्हीकडून बरोबर बसतं.

वाडीतली

@तारीखवार, हो, ही दोन मतं वाचली होती, पाटीवरचं तसंच दिलं. बरं झालं लिहिलंत.

@दाभोळचा_नातू, नक्की बोला. मजकूर लिहून हवा असेल तर मी देते.

जुन्नरी

ताई, त्वेर झालं, आता उलट्या बाजूने या. तो पावसात दोन महिने आमच्याकडे राहिला तर तुम्हीही ऐन पावसातच या, उन्हाळ्यात काय मजा. घर आहे, जेवणखाण सगळं घरचं, घरच्यांनाही घेऊन या, नाहीतर एकट्या या. साखळीची वाट मात्र पावसात नको, निसरडं असतं, पायऱ्यांनी जाऊ.

वाडीतली

येते. ऑगस्टचा दुसरा आठवडा चालेल का? तो चौलहून पालीला आठ दिवसांत पोचला होता, ही पाली म्हणजे बल्लाळेश्वराचीच असणार असं मला वाटतं, तिथून पुढे उमरीला दहा आणि मग जुन्नरला सहा. चोवीस दिवस चिखलातून. मी एसटीने पालीला उतरून एक रात्र राहणार आहे, दर्शन घेऊन सकाळच्या गाडीने पुढे. त्वेरच्या आजींनी नातवाकडून मेसेज पाठवलाय, घोडा काढून घेतला त्या गावाचा फोटो हवाय म्हणून.